बायपासची वही कारखान्याबाहेर यायला हवी

१२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांनी जनरेटर सुरू केले. साडेचार महिन्यांनी रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. भारताच्या वीजयंत्रणेत चिनी हॅकरांनी शिरकाव केल्याच्या खुणा आहेत, असं त्यात म्हटलं होतं. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता सांगणारा राज्याच्या सायबर विभागाचा अहवाल पुढे केला. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही, माणसाच्या चुकीने वीज गेली. मग काही दिवस वाहिन्यांवर चीन, मालवेअर आणि लाल रंगाचे नकाशे एवढंच चाललं.

या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. मुंबईला १९८१पासून आयलँडिंगची व्यवस्था आहे. राज्याच्या ग्रिडमध्ये मोठा बिघाड झाला की शहराने आपोआप त्यापासून अलग व्हायचं आणि स्वतःच्या वीजकेंद्रांच्या बळावर तग धरायचा, अशी ही योजना. ती चालवायला माणूस लागत नाही. फ्रिक्वेन्सी ठरावीक पातळीखाली घसरली की रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच, आपलं काम करतात. त्या सकाळी कळवा-पडघे भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांचा आधार गेला, आणि ज्या दिवसासाठी ही योजना इतकी वर्षं सांभाळली तोच दिवस उजाडल्यावर ती मुंबईला वाचवू शकली नाही. वीज नियामक आयोगाने चौकशी केली, पण कट्ट्यावर आणि टीव्हीवर चर्चा झाली ती हॅकरचीच. अपयशी ठरलेल्या संरक्षणाची चर्चा करायला कुणाला वेळ नव्हता.

हॅकर नसतातच असं मला म्हणायचं नाही, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण इन्स्ट्रुमेंटेशनच्या, म्हणजे कारखान्यातल्या मोजमाप आणि नियंत्रणाच्या उपकरणांच्या, कामात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय. स्वयंचलित कारखाना सुरक्षित आहे का, हे त्यात कुठली नवी यंत्रणा बसवली यावरून कळत नाही. बसवलेल्या यंत्रणेतलं आज काय बंद करून ठेवलंय (आमच्या भाषेत 'बायपास' केलंय) आणि शेवटची चाचणी कधी झाली, यावरून ते कळतं. ही माहिती कारखान्यात असते, निदान असायला हवी. ती कुंपणाच्या आतच राहते, हा माझा आक्षेप आहे.

रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यातल्या एखाद्या मध्यम रासायनिक कारखान्यातला रिॲक्टर, म्हणजे ज्यात अभिक्रिया घडवतात ते मोठं भांडं, डोळ्यासमोर आणा. आतून काचेचं अस्तर, मध्ये माल ढवळणारा ॲजिटेटर, बाहेरून पोकळ जॅकेट आणि जॅकेटमधून फिरणारं थंड ब्राइन, म्हणजे खारं पाणी. वरच्या टाकीतून दुसरा कच्चा माल ठरलेल्या वेगाने आत सोडतात. अभिक्रियेत उष्णता निघते, ब्राइन ती ओढून नेतं. उष्णता निघण्याचा वेग ब्राइनच्या आवाक्याबाहेर गेला की तापमान चढतं, तापमान चढलं की अभिक्रिया आणखी जोर धरते, आणि मग काही मिनिटांत प्रकरण कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणून तिथे इंटरलॉक असतो. तापमान अमुक अंशांवर गेलं किंवा ॲजिटेटर बंद पडला की मालाचा व्हॉल्व्ह आपोआप बंद. पॅनेलवरचा ऑपरेटर जेवायला गेलेला असो नाहीतर घाबरून हातपाय गाळून बसलेला असो, व्हॉल्व्ह बंद होणार.

आता जुलै महिना आणि कोकणातला पाऊस. जंक्शन बॉक्सचं झाकण नीट बसलेलं नाही, केबल ग्लँडमधून ओल आत गेलीय, टर्मिनलला गंज चढलाय. तापमानाचा सिग्नल मध्येच उडी मारतो आणि आत काहीही झालेलं नसताना इंटरलॉक मालाचा पुरवठा बंद करतो. एकदा झालं, दोनदा झालं, रात्री अडीचला तिसऱ्यांदा झालं. बॅच लांबत चाललीय, माल वाया जायची भीती आहे, सकाळी मॅनेजर आकडा विचारणार आहे. इन्स्ट्रुमेंटचा माणूस जनरल शिफ्टचा, रात्री फक्त इलेक्ट्रिशियन. शिफ्ट इनचार्ज म्हणतो, "सध्या बायपास मार, सकाळी बघू." दोन टर्मिनलांमध्ये तारेचा तुकडा बसतो, किंवा पीएलसीत, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकात, तो इनपुट फोर्स होतो, म्हणजे खरा सिग्नल बाजूला ठेवून हाताने ठरवून दिला जातो. बॅच निघते. सकाळी कुणी बघत नाही, कारण बिघडलेलं असं काही दिसतच नाही. घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घातली की पुढे फ्यूजची कटकट संपते, त्यातलाच हा प्रकार.

असे तुकडे मी पॅनेल उघडून पाहिलेत. एका ठिकाणच्या तारेवर धुळीचं पुट चढलं होतं. टॅग नाही, तारीख नाही, सही नाही, ड्रॉइंगमध्ये तिचा पत्ता नाही. कुणी घातली विचारलं तर प्रत्येकजण आपल्या आधीच्या माणसाचं नाव सांगत होता. मजा म्हणजे ती काढायला कुणी तयार नव्हतं, काढली आणि प्लांट ट्रिप झाला तर कुणाच्या गळ्यात पडणार? सुरक्षेसाठी बसवलेल्या सर्किटला आता सगळे घाबरत होते, आणि ती तार मात्र प्लांटचा भाग होऊन बसली होती.

त्या रात्रीच्या शिफ्ट इनचार्जला दोषी ठरवणं सोपं आहे, पण मला तो फारसा दोषी वाटत नाही. बायपास हे पाप नव्हे. मोजमापाचा सिग्नल पाठवणारा ट्रान्समीटर दुरुस्तीला काढायचा असेल, चालू प्लांटवर चाचणी घ्यायची असेल, तर बायपास करावाच लागतो. चांगल्या कारखान्यात त्याची वही असते. कुठला इंटरलॉक, कशासाठी, तोवर लक्ष कोण ठेवणार, किती तासांसाठी, परवानगी कुणाची. मुदत संपली की पुन्हा सही, आणि शिफ्ट बदलताना तोंडी उल्लेख. आठ तासांपलीकडे गेलं तर प्लांट हेडची सही, चोवीस तासांपलीकडे गेलं तर त्याच्याही वरच्याची, असा चढता नियम काही ठिकाणी मी पाहिलाय. तिथे बायपास फार काळ टिकत नाहीत, कारण रोज सही मागायला वर जाणं फार अवघड काम असतं. जिथे वही नाही, किंवा आहे पण ऑडिटच्या आदल्या दिवशी एका बैठकीत, एका पेनाने भरलेली आहे, तिथे कितीही महागडं डीसीएस (सगळा प्लांट चालवणारी संगणकीय नियंत्रण यंत्रणा) असलं तरी ते शोभेचं.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात बन्सफील्ड इथे इंधनाचा मोठा डेपो होता. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. पाइपलाइनमधून ९१२ क्रमांकाच्या टाकीत पेट्रोल येत होतं. तीनच्या सुमारास टाकीतली पातळी दाखवणारं लेव्हल गेज चिकटलं. पडद्यावरचा आकडा जागचा हलेना, टाकी मात्र भरत राहिली. अशा वेळेसाठीच टाकीच्या माथ्यावर एक स्वतंत्र हाय लेव्हल स्विच होता, गेजशी काही संबंध नसलेला. पेट्रोल तिथवर पोचलं की पुरवठा बंद व्हायचा होता. झाला नाही. त्या स्विचला चाचणीसाठी एक दांडी होती, आणि ती कामाच्या जागी धरून ठेवायला एक कुलूप लावायचं होतं. कुलूप म्हणजे कुणी छेडछाड करू नये म्हणून, अशी तिथल्या लोकांची समजूत. त्यामुळे चाचणीनंतर ते लावलंच नव्हतं. दांडी खाली आली आणि स्विच निकामी झाला. बाहेरून बघणाऱ्याला स्विच जागेवर, वायरिंग जागेवर, कागदपत्रं जागेवर. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल वाहून गेलं, त्याची वाफ ढगासारखी पसरली आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. रविवार होता म्हणून कुणी मेलं नाही, ४३ माणसं जखमी झाली. पुढे चौकशीत निघालेली गोष्ट मला कुलुपापेक्षा बोलकी वाटते. तेच गेज ऑगस्टच्या अखेरीपासून त्या दिवसापर्यंत १४ वेळा चिकटलं होतं. दर वेळी कुणीतरी ते सोडवून कामाला लागलं. चौदा वेळांची बेरीज करण्याचं काम कुणाचंच नव्हतं.

आपल्याकडे २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळच्या सीतापुरा इथे इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोल गळलं, स्फोट झाला, ११ माणसं गेली आणि आग अकरा दिवस धुमसत राहिली. कंट्रोल रूममधून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करण्याची सोय काही वर्षांपासून बंदच होती. विशाखापट्टणमला ७ मे २०२०च्या पहाटे एलजी पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीन या प्लास्टिक बनवायच्या रसायनाची वाफ सुटली आणि १२ जणांचा जीव घेतला. त्या टाकीत तापमान मोजायची सोय फक्त तळाशी होती. वरचे थर तापत गेले, खालचा काटा शांत राहिला. भोंगा वाजवायची ३६ ठिकाणं कारखान्यात होती, गावाला भोंगा ऐकू आला नाही. उपकरणं नव्हती असं या दोन्ही ठिकाणी म्हणता येत नाही. होती, पण आंधळी किंवा मुकी होती, आणि हे आधीपासून ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या माहितीला कुंपणाबाहेर जायला वाट नव्हती.

इथे यंत्रणा विकणारे मित्र म्हणतील, आम्ही सिल-२ प्रमाणित माल देतो, आयईसी ६१५११ या जगमान्य सुरक्षा मानकाप्रमाणे डिझाइन करतो. बरोबर आहे. पण सिल-२चा अर्थ काय? शंभर वेळा गरज पडली तर ही यंत्रणा फार तर एकदा दगा देईल. तेही सलग सुस्थितीत ठेवली तर. हे गणित ज्या सूत्रातून येतं त्यात चाचणीचा कालावधी थेट बसलेला असतो. वर्षातून एकदा करायची चाचणी दोन वर्षांनी केली तर दगा देण्याची सरासरी शक्यता जवळपास दुप्पट होते. पाच वर्षं केलीच नाही तर पाचपट. सुरक्षेचा व्हॉल्व्ह एरवी हलतच नाही. तो वर्षानुवर्षं उघडा उभा असतो, त्याची स्टेम, म्हणजे आतली दांडी, जाम झालीय की नाही हे हलवून बघितल्याशिवाय कळत नाही. प्रमाणपत्र मात्र रिसेप्शनमध्ये फ्रेम करून लावलेलं असतं, आणि फ्रेमला चाचणी लागत नाही.

अलार्मचीही तीच कथा. वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्याआधीच्या जेमतेम अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म वाजले. दहा मिनिटांत एखादा अलार्म इथपर्यंत माणूस विचार करून वागू शकतो, असं या क्षेत्रातले मार्गदर्शक संकेत सांगतात. आपल्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर न बघताच ॲकनॉलेजचं, म्हणजे 'अलार्म पाहिला' सांगणारं, बटण दाबत असतो, त्याला आळशी म्हणण्याआधी तासाला किती अलार्म येतात ते मोजावं. मोजणं कठीण नाही, सिस्टिम स्वतःच नोंद ठेवते.

आता हॅकरकडे. सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ऑगस्ट २०१७मध्ये जे घडलं ते या क्षेत्रातल्या प्रत्येकाची झोप उडवणारं होतं. ट्रायटन नावाचा मालवेअर थेट सुरक्षा यंत्रणेच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे अपघात टाळणाऱ्या शेवटच्या थरात घुसवला गेला. त्यातल्या दोषामुळे कंट्रोलर सुरक्षित अवस्थेत गेले, प्लांट बंद पडला, आणि म्हणून गोष्ट उघडकीला आली. या कंट्रोलरला पुढच्या बाजूला एक किल्ली असते. ती 'रन'वर असली की बाहेरून प्रोग्रॅम बदलता येत नाही, 'प्रोग्रॅम'वर असली की येतो. किल्ली 'प्रोग्रॅम'वर ठेवलेली होती. शिवाय ऑगस्टच्या आधी जूनमध्येही प्लांट असाच ट्रिप झाला होता, तेव्हा यंत्रातला बिघाड समजून पुढे काम सुरू झालं.

एवढा पैसा आणि एवढी बुद्धी लावून कुणीतरी केलेला हल्ला, आणि आत शिरायची शेवटची वाट मोकळी मिळाली ती न फिरवलेल्या किल्लीमुळे. म्हणून सायबर सुरक्षा आणि देखभाल ही दोन खाती मला वेगळी वाटत नाहीत. आपल्या एमआयडीसीतल्या लहान युनिटमध्ये पीएलसीचा पासवर्ड ज्या वेंडरकडे होता तो धंदा सोडून गेलेला असतो, प्रोग्रॅमची शेवटची प्रत कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपमध्ये असते, आणि पुण्यात बसलेल्या इंजिनिअरला बघता यावं म्हणून कंट्रोल रूमच्या पीसीवर एनीडेस्क हे दुरून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर कायम चालू ठेवलेलं असतं. किल्ली कुठे आहे, एनीडेस्क कशासाठी चालू आहे, कधी बंद होणार, याची नोंद ठेवणारी वही ही बायपासच्या वहीची सख्खी बहीण आहे.

कायदा काय म्हणतो? भोपाळनंतर १९८७मध्ये कारखाना अधिनियमात घातक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं. त्यातल्या ४१-ब कलमाने कारखानदारावर बंधन घातलं, की धोके कोणते आणि त्यांवर उपाय काय केलेत हे कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेला कळवायचं. जनतेला, हे त्यात लिहिलेलं होतं. त्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही ही कल्पना टाकून दिलेली नाही. व्यवहारात याचा अर्थ गेटवरचा एक फलक होतो. रसायनांची नावं, साठ्याची मर्यादा, वाऱ्याची दिशा बघून पळा. उपाययोजनेच्या रकान्यात 'इंटरलॉक व स्वयंचलित नियंत्रण' एवढे शब्द, ते इंटरलॉक आज चालू आहेत का याबद्दल अक्षर नाही. माझ्या पाहण्यातल्या तपासण्यांमध्ये बॉयलरचं प्रमाणपत्र, प्रेशर व्हेसलची टेस्ट, अग्निशामक नळकांडी, हेल्मेट हे सगळं बघितलं जायचं. पीएलसीचं फोर्स टेबल, म्हणजे फोर्स केलेल्या इनपुटची यादी, उघडून दाखवा, असं म्हणणारा अधिकारी मला भेटलेला नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. रिॲक्टरचा तापमान-इंटरलॉक कारखान्याने स्वतःच बंद करून ठेवला, तर तसा सहा तासांचा नियम कुठे आहे?

म्हणून मागणी साधी आहे. अतिधोकादायक प्रकारात मोडणाऱ्या कारखान्यांनी दर तिमाहीला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे काही आकडे भरावेत आणि संचालनालयाने ते संकेतस्थळावर जसेच्या तसे टाकावेत. चोवीस तासांपेक्षा जास्त काळ बायपास राहिलेले सुरक्षा-इंटरलॉक किती, मुदतीत चाचणी न झालेले किती, आणि गरज पडली तेव्हा एखादा चाललाच नाही असं कितीदा झालं. इतकंच. अभिक्रिया, ग्राहक, पेटंट यातलं काहीही त्यातून बाहेर पडत नाही.

'आमची गुपितं फुटतील' हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. असे आकडे जाहीर केले तर हल्लेखोरालाच पत्ता मिळेल. म्हणूनच मी संख्या मागतोय, टॅग नंबर नाही. तपशील निरीक्षकाने कारखान्यात जाऊन बघावा. तिसरा आक्षेप लहान उद्योजकांचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. आठ-दहा रिॲक्टरवाल्या युनिटला इन्स्ट्रुमेंटचा पूर्णवेळ इंजिनिअर परवडत नाही, एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, महिन्यातून एकदा येतो, ऑपरेटर कंत्राटदाराचे. पण अशा ठिकाणी चाचणीची सोय औद्योगिक संघटनेने सामायिक करायला काय हरकत आहे? सांडपाण्याची सामायिक प्रक्रिया केंद्रं आपण उभारलीच, त्यांच्या कारभाराबद्दल तक्रारी असल्या तरी. कॅलिब्रेशनचं (उपकरणं बरोबर मोजतात का हे तपासायचं) किट आणि दोन जाणते तंत्रज्ञ वसाहतीने मिळून पोसणं त्यापेक्षा फार स्वस्त आहे.

डोंबिवलीत मे २०१६मध्ये आणि पुन्हा मे २०२४मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा काचा कुंपणाबाहेरच्या इमारतींच्याही फुटल्या. दोन्ही वेळा चर्चा स्थलांतराची झाली. दाट वस्तीतून धोकादायक युनिट हलवावीत हे खरंच, पण हलवताना तेच पॅनेल, तीच कामाची पद्धत आणि तोच तारेचा तुकडा ट्रकमध्ये चढणार असेल, तर आपण फक्त काचा कुणाच्या फुटणार ते बदलतोय. नव्या जागेच्या शेजारच्या गावाला हे आकडे मागायचा हक्क पहिल्या दिवसापासून असावा.

एक अडचण मला स्वतःलाच दिसते. आकडे जाहीर होणार म्हटल्यावर लोक खोटे भरतील. भरणारच. पण पीएलसी आणि डीसीएस बहुतेक ठिकाणी फोर्स केलेल्या इनपुटची आणि बदलांची नोंद स्वतःच्या स्मरणात ठेवतात, ती वहीशी पडताळून बघायला निरीक्षकाला अर्धा दिवस पुरतो. आणि कुणाकडे आधी जायचं हेही अवघड नाही. जुना प्लांट, वर्षभर पाऊस-पाणी, गंज, तिन्ही शिफ्ट चालू, आणि बायपासच्या रकान्यात शून्य, असा तक्ता ज्याने भरलाय त्याच्या गेटवर गाडी पहिली उभी राहावी. सात बायपास आणि तीन थकलेल्या चाचण्या प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला नंतर भेटलं तरी चालेल, आणि पहिल्या वर्षी त्याला नोटीस काढू नये.